बारा क्रियापदांचा ढावलो

कापूस वेचता वेचता सोनू पुटपुटायची, आणि तांड्यावरच्या बायांनी एकमतानं ठरवून टाकलं होतं की पोरगी कुठल्यातरी बाबाच्या नादी लागली.

“तेन्द्रीया, तेन्द्रीयास, तेन्द्रीया,” एका झाडाची तीन बोंडं. “तेन्द्रीयामोस, तेन्द्रीयाइस, तेन्द्रीयान,” आणखी तीन. सहा बोंडांचा कापूस कमरेच्या ओटीत गेला की पुढचं झाड आणि पुढचा शब्द. पौषातलं मऊ ऊन, समोर पांढरंधोप वावर, आणि त्यात ही एकटीच आपल्या तंद्रीत. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, तीही चुकीच्या दिशेनं.

बाबा नाही अन् बुवा नाही, ती स्पॅनिश होती. आता महागाव तालुक्यातल्या तांड्यावर स्पॅनिश कुठून आली म्हणाल, तर लॉकडाऊनमधून आली. नागपूरच्या निकिता मॅडम तेव्हा मोबाइलवर फुकट भाषा शिकवत. सोनूला शिकायचं होतं इंग्रजी, पण त्या वर्गात जागा उरली नव्हती. स्पॅनिशच्या वर्गात एक होती. फुकटची जागा सोडायची कशाला, म्हणून घेतली. आणि महिनाभरात जीव जडला. कॉलेजात तिच्या मराठीत बंजाऱ्यांची गोरबोली डोकावते म्हणून पोरी हसायच्या, इंग्रजीत मराठी डोकावते म्हणून सर हसायचे. स्पॅनिश बोलली की कुणी हसायचं नाही, कारण कुणाला काही कळायचंच नाही. असं सुख तिला आधी कुठल्याच भाषेत मिळालं नव्हतं.

आता पोरगी तेवीस वर्षांची झाली होती आणि गोष्ट सुखापलीकडे गेली होती. स्पेनच्या उत्तरेला समुद्रकाठी खिखोन नावाचं गाव आहे. तुम्हाला खोकल्यासारखं वाटेल, पण गावच ते. तिथल्या एका शाळेत वर्षभर मुलांना खेळ शिकवायला, गाणी शिकवायला बाहेरदेशची एक ताई लागत होती. राहणं-खाणं त्यांचं. त्यासाठी परीक्षा होती, लेखी आणि तोंडी. लेखीत सोनू पहिल्या झटक्यात पास झाली. तोंडीला दोन संधी होत्या. पहिली भाद्रपदात वाया गेली. दुसरी नऊ दिवसांवर आली होती, आणि तिसरी नव्हती. जायचं तर या खेपेला, नाहीतर मग कापूस आहेच.

आणि ती अडत होती फक्त बारा शब्दांपाशी.

या भाषेत घडलेल्याचं एक रूप, घडणाऱ्याचं एक, आणि जे घडलं असतं, घडलं तर बरं होईल, पण कोण जाणे, अशा सगळ्या असतं-नसतंचं वेगळंच एक रूप. बाकीची क्रियापदं गुणाची. नुसतं मागं शेपूट लावलं की काम झालं. पण बारा जण आडमुठे. आधी पोटातून मोडतात आणि मग शेपूट लावून घेतात. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणं. त्याचं सरळ ‘तेनेरीया’ व्हावं की नाही? नाही. तेन्द्रीया! ‘पोनेर’ म्हणजे ठेवणं, त्याचं पोन्द्रीया. ‘वेनीर’ म्हणजे येणं, त्याचं वेन्द्रीया.

लिहायला सांगा, सोनू झोपेत लिहील. बोलायला सांगितलं की घसा बंद. भाद्रपदात परीक्षक बाईंनी विचारलं होतं, दुसऱ्या देशात राहावं लागलं, तर तुला कशाची आठवण येईल? सोपा प्रश्न. उत्तरही ठाऊक होतं. पण ‘असतं’ म्हणायला तोंड उघडलं आणि समोर बापू उभा राहिला. बाजेवर एकटा बसून गार झालेला चहा पिणारा बापू. पोरगी चाळीस सेकंद गप्प. मग म्हणाली, “नो से.” म्हणजे, माहीत नाही. बोलण्यात नापास.

बापू म्हणजे धावजी. आठ एकराचा मालक, बोलायला गोड, आणि साऱ्या पंचक्रोशीत एका शब्दासाठी प्रसिद्ध. तो शब्द म्हणजे ‘बघू’. म्हैस घ्यायची का? बघू. पत्रे बदलायचे का? बघू. सोनूनं स्पेनचं सांगितलं तेव्हा त्यानं पोरीकडे पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “पास तं हो. मंग बघू.” नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. बघूशी कसं भांडणार? सोनूनं मनाशी पक्कं केलं होतं की पास झालेला कागद त्याच्या हातात ठेवायचा. मग त्याला हो म्हणावंच लागेल.

“काय व, कोन्त्या देवाचा जप करून राह्यलीस?” एक दिवस रुपीबाईनं तिला बांधावर गाठलंच.

रुपीबाई म्हणजे तांड्यावरची सत्तरीची बाई. सोनूच्या नात्यात काकी लागायची, तशी ती सगळ्यांचीच काकी. अजूनही घेरदार घागरा, तो फेटिया, आणि आरशांची चोळी, ती कांचळी, घालायची. उन्हात चालली की पायवाटेवर कवडसे नाचायचे. (त्यांचं बोलणं सगळं गोरबोलीत चालायचं. पण ते तसंच सांगितलं तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसाल, म्हणून वऱ्हाडीत सांगणं आलं. आईला तेवढी याडीच म्हणू.)

“जप नाई काकी. परीक्षा हाय. शब्द तोंडातून निंगत नाईत.”

“येत नाईत का?”

“येतात. सारे येतात. पन बोलाची वेळ आली का बापू दिसते, याडी दिसते, अन् घसा धरते.” बोलता बोलताच तिचा आवाज चिरकला. “नऊ दिवस राह्यले काकी. आता नाई जमलं तं झालं.”

रुपीबाईनं ओटी सोडली, बांधावर फतकल मारली, आणि पोरीकडे असं पाहिलं की जणू पहिल्यांदाच ओळखीचं माणूस भेटलं.

“घसा धरल्यावर बोलाचं, हे तं माह्यं काम हाय व,” ती म्हणाली.

आणि खोटं नव्हतं ते. लग्न झालेली पोरगी सासरी निघते तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडगाणंच ते, पण साधं नाही. आईचा वेगळा, बापाचा वेगळा, भावाचा वेगळा, आणि ज्या गाईला ती पाणी पाजायची तिचाही वेगळा. हे सगळं हुंदके देता देता म्हणायचं. म्हणून लग्नाआधी महिना महिना बाया पोरींना शिकवायच्या. रुपीबाईनं या तांड्याच्या तीसएक पोरी तयार करून धाडल्या होत्या. पण गेली आठ-दहा वर्षं तिच्याकडं कुणी येत नव्हतं. आता डीजे आला. पोरी नाचत निघतात, गाडीत बसल्यावर डोळ्याला रुमाल लावतात, आणि पुढच्या फाट्यावर सेल्फी काढतात. रुपीबाईला याचा राग नव्हता. वाईट वाटायचं, ते ती कुणाला सांगायची नाही.

“मंग तसंच शिकव मले,” सोनू म्हणाली.

“हट्! ढावलो काय खेळ हाय का? जाचं नसलं तं पोरीनं तोंडातून काढू नये. अन् तुले मालूम नाई का, पोरीनं सूर लावला का या तांड्यावरची बाई हातातलं काम टाकून येते. तव्यावरची भाकर जळो, पोट्टं रडो. पोरगी एकली रडली नाई पाह्यजे.”

“मंग सूर हळू लावू. नाल्याच्या काठाले. कोनाले आयकू नाई जात.”

“कायले लावतेस मले कामाले,” रुपीबाई पुटपुटली, पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीनंतर तीच आधी नाल्याच्या दिशेनं निघाली.

शिकवायची रीत ठरलेली. दोघींनी समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा. पोरीनं म्हातारीच्या खांद्यांवर हात टाकायचे, कपाळ खांद्याला टेकवायचं, आणि डुलायचं. शब्द डोक्यात धरायचे नाहीत. डुलण्यात धरायचे. म्हातारी ओळ सोडेल, पोरीनं उचलायची. इथं ओळी सोनूकडं होत्या आणि सूर रुपीबाईकडं, एवढाच काय तो फरक.

“पोन्द्रीया,” सोनू म्हणायची.

“पोन्द्रीयाऽऽऽ,” रुपीबाई तो शब्द असा ओढायची की नाल्यातलं पाणीही जरा थांबायचं. “मतलब काय याचा?”

“मी ठेवलं असतं.”

“कोठी?”

“नाई मालूम. नुसतंच ठेवलं असतं.”

“असं कसं? ठेवलं असतं म्हनलं का हात पुढं झाला पाह्यजे. काय ठेवलं असतं, कोठी ठेवलं असतं, ते दिसू दे. दिसल्याबिगर रडू येत नाई अन् रडल्याबिगर शब्द मोकळा होत नाई.”

मग सोनू डोळे मिटायची आणि दिसू द्यायची. साल्द्रीया, मी निघाले असते. फाट्यावर एक एसटी उभी, रिकामी, दार उघडं, पाटीवर कुठल्याच गावाचं नाव नाही. चढलं की चाललीच ती, तुरीच्या वावरांमधून, आवाज न करता. वेन्द्रीयान, ते आले असते. सगळा तांडा समुद्राच्या काठाला आलेला. बाया फेटिया वर धरून पाण्यात उभ्या, आणि बापू उकिडवा बसून वाळू चिमटीत चोळतोय, म्हणतोय, ही जमीन कापसाची नाई. काब्रीया, मी मावले असते. खिखोनच्या एका उंच घरातली खोली, खिडकीत पाऊस, आणि त्या खोलीत आपण मावतो की नाही ते ती आत शिरून पाहत होती. कधी मावायची. कधी पाय बाहेर राहायचे.

दोघी डुलत राहायच्या. ऊन पळसांच्या मागं सरकायचं. शब्द कुठं संपतो आणि सूर कुठं लागतो ते सोनूला कळेनासं व्हायचं, आणि त्या कळेनासं होण्यातच घसा मोकळा राहायचा. सहाव्या दिवशी ती बारा शब्दांची सगळी रूपं एका दमात म्हणून गेली. बापू दिसला तरी म्हणून गेली. रडत रडत म्हणाली, पण म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तिनं म्हातारीचा गालगुच्चा घेतला.

“हे एक काय होतं? केर्रीया?” रुपीबाईनं विचारलं.

“मले पाह्यजे होतं असतं. म्हंजे, हवं असतं.”

रुपीबाईनं नाल्यात एक खडा टाकला. मग म्हणाली, “माह्या लग्नात मामानं घाई केलती. टेंभुर्णीच्या झाडाखाली गाडी उभी, बैल थांबत नोहते. बापाचा ढावलो पुरा झाला, याडीचा झाला, अन् बहिनीचा अर्ध्यात सोडून मले उचलून गाडीत टाकलं. तीन कडवी राह्यली. पन्नास साल झाले. बहीन बी गेली आता.” तिनं हसल्यासारखं केलं. “मले ती तीन कडवी पाह्यजे होती. काय म्हनतेस तू? केर्रीया.”

सोनूनं तिचे हात धरून ठेवले.

परीक्षा मंगळवारी होती. स्पेनमध्ये सकाळचे दहा, तेव्हा इकडं दुपारचे अडीच. रेंज यायची ती फक्त घराच्या मधल्या खोलीत, आणि त्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. यंदा भाव वाढेल म्हणून धावजीनं साठवला होता. एका अंगाला जेमतेम खुर्चीपुरती जागा. ढीग दारापर्यंत आलेला, त्यामुळे दार अर्धंच लागायचं. नियम असा की खोलीत परीक्षा देणाऱ्याखेरीज कुणी नको. मोबाइल चारी बाजूंनी फिरवून खोली दाखवायची, आणि मध्येच कुणी आलं तर परीक्षा रद्द. सोनूनं बापूला बाहेर बाजेवर बसवलं.

“कोनालेच येऊ देऊ नका. मांजरबी नाई.”

“बघतो ना मी,” धावजी म्हणाला आणि काठी घेऊन बसला.

मोबाइलवर परीक्षक बाई आल्या. पिकलेले केस, गळ्यात मफलर. सोनूनं खोली फिरवून दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का? सोनू हसली. म्हणाली, कापूस आहे, आमचाच. बाईही हसल्या. सुरुवात तर झकास झाली. नाव-गाव झालं, शिक्षण झालं, चित्र पाहून बोलायचं तेही झालं. मग बाईंनी चष्मा सारखा केला आणि तो प्रश्न काढला.

“उद्याच तुला गाव सोडून जावं लागलं, तर तू तुझ्या माणसांना काय सांगशील?”

सोनूनं श्वास घेतला. दिरीया, मी सांगेन. शब्द जिभेवर होता. पण अर्ध्या दारातून बाजेवरची बापूची पाठ दिसत होती. काठी गुडघ्यांवर आडवी, मान जरा वाकलेली. पोरीचा घसा आवळला. दहा सेकंद. वीस. बाईंची पापणी लवली नाही. तीस सेकंद झाले, आणि सोनूचं अंग आपणहून डुलू लागलं.

तिनं ठरवलं नव्हतं हो, देवाशपथ! ते आपोआप झालं. डोळे मिटले आणि सूर लागला. नाल्याच्या काठचा हळू सूर नव्हे. आठवडाभर दाबून धरलेला, पूर्ण गळ्याचा.

“दिरीयाऽऽ,” ती गाऊ लागली. बापूला मी सांगेन की चहा गरम आहे तोवर प्यावा. नो साब्रीयाऽऽ, याडीला काय सांगावं ते मला कळणार नाही. पोन्द्रीयाऽऽ, काकीच्या खांद्यावर मी कपाळ ठेवेन. साल्द्रीयाऽऽ, मी निघेन, आणि निघता निघता वळून पाहीन. एकेक आडमुठं क्रियापद लोण्यासारखं सुटत होतं. बाईंची लेखणी थांबली होती.

बाहेर तांड्यावर काय झालं ते विचारू नका. शब्द कुणाला कळले नाहीत, पण सूर कुणी चुकणार होतं का? ढावलो! धावजीच्या घरातून! पोरगी चालली, आणि एकली रडून राह्यली! सोनूची आई लालीबाई चुलीपुढून उठली ती पिठाच्या हातांनी. शेजारची रामीबाई मिसरी लावत होती, ती काळ्या बोटानंच निघाली. कुणी डालं टाकलं, कुणी न्हाणीतून ओल्या केसांनी आली. धावजी काठी घेऊन उभा राहिला, पण ढावलोला धावणाऱ्या बाईला अडवायची छाती या तांड्यावर कुणाला नाही. तांड्याच्या प्रमुखाला, नायकालाही नाही. तो बाजूला झाला.

अर्ध्या दारातून, कापसाच्या ढिगावरून, घसरत, धडपडत आठ-दहा बाया आत आल्या आणि सोनूच्या गळ्यात पडल्या. लालीबाईनं सूर उचलला. मागून रामीबाईनं. खोलीभर रडणं आणि हवेत उडालेला कापूस. सगळ्यात शेवटी रुपीबाई आली, दारातच थबकली, मोबाइल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“अरे बाप्पा! परीक्षा!”

सोनूनं डोळे उघडले. पडद्यावर बाई उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, थांबा. ही माणसं कोण आहेत? खोलीत कुणी येणार नाही असं ठरलं होतं.

आता काय सांगायचं? सोनूनं नाक पुसलं आणि बोलू लागली. सूर नाही, डुलणं नाही. सरळ आवाजात, आईला एका हातानं धरून.

“बाई, या मला मदत करायला आल्या नाहीत. तुमच्या भाषेचा एक शब्द यांना येत नाही. मी जे गायलं ते आमच्याकडं घर सोडताना गातात. यांना वाटलं, मी निघाले. आमच्यात मुलीला कुणी एकटीला रडू देणार नाही. तुमची मुलगी असती तरी या आल्या असत्या. मी यांना बाहेर जा म्हणू शकले असते. पण मी तसं म्हणणार नाही. तुम्ही मला नापास केलंत तरी म्हणणार नाही.”

एवढं सगळं स्पॅनिशमध्ये, एकदाही न अडखळता. तिचं तिलाच नंतर कळलं.

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, नियमाप्रमाणं मला ही परीक्षा इथंच थांबवावी लागेल. घडलं ते मी लिहून कळवीन. पुढचं माझ्या हातात नाही. पडदा काळा झाला.

बायांना यातलं काही उमगलं नव्हतं. त्यांनी सोनूच्या कानशिलांवर बोटं मोडली, गालांवरून हात फिरवले, आणि एकेक करून डोळे पुसत आपापल्या कामाला गेल्या. रुपीबाई मात्र दाराशीच बसून राहिली. तिला वर बघवत नव्हतं.

धावजी आत आला. “झालं?”

“रद्द झाली बापू,” सोनू म्हणाली. “सारं झालं. आता नाई जात मी कोठी.”

तो कापसाच्या ढिगावर बसला. हातातली काठी त्यानं जमिनीवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. “मले तुले एक सांगाचं हाय,” तो म्हणाला. “भाद्रपदात तू नापास झालतीस, तवा मी देवीले भोग लावला. तूप-गूळ. पोरगी राह्यली म्हनून.”

सोनूला आठवलं. त्या दिवशी घरात लापशी झाली होती. नापास झालेल्या पोरीला जरा गोड खाऊन बरं वाटावं म्हणून केली असेल, असं तिला वाटलं होतं. तिनं दोनदा मागून घेतली होती.

“अन् याबी खेपेले बोललो होतो देवीले,” धावजी जमिनीकडे बघत म्हणाला. “नापास कर म्हनून. बाजेवर बसून तेच म्हनत होतो.”

“बापू!”

“मंग या बाया गेल्या आत. मले वाटलं, देवीनं आयकलं. दारातून पाह्यलं तं तू बोलून राह्यलीस त्या बाईसंगं. मले एक शब्द समजला नाई. पन थांबली नाईस तू. कोनासाठी बोलत होतीस?”

“यायच्यासाठी,” सोनू म्हणाली. “मांगं राह्यतील त्यायच्यासाठी.”

“तेवढं समजलं मले.” त्याचा आवाज फाटला. “चाल माह्यासंगं. देवीले सांगून येऊ, मांगलं ते वापस घे म्हनून.”

सोनूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आयुष्यात ती बापाला कधी उलटून बोलली नव्हती. त्या दुपारी बोलली. “तुमी एकल्यानं मांगलं, एकलेच वापस करून या. मी नाई येत.”

धावजी उठला, डोक्याला पटका गुंडाळला, आणि भर उन्हात एकटा देवीच्या ओट्याकडे निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत सोनू त्याच्याकडे रागानं बघत राहिली. मग रुपीबाईच्या शेजारी बसून पोटभर रडली. या रडण्याला सूर नव्हता.

परीक्षेनंतर नवव्या दिवशी मेल आला. सोनूनं तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग अंगणात येऊन मराठीत मोठ्यानं वाचला. खोलीत माणसं आल्यामुळं परीक्षा रद्द झाली आहे. मात्र परीक्षक बाईंनी लिहिलं आहे की उमेदवाराचं शेवटचं बोलणं त्यांनी स्वतः ऐकलं, आणि आलेल्यांपैकी कुणी तिला शब्द पुरवला नाही. त्यांच्या शिफारशीवरून पुन्हा एक संधी देण्यात येत आहे. फेब्रुवारीत.

लालीबाईनं हात जोडले. धावजी बाजेवर बसून होता. गेले आठ दिवस बाप-लेकीत कामापुरतंच बोलणं होतं. त्यानं मेलबद्दल काही विचारलं नाही. पास होशील का, तेही विचारलं नाही.

“त्या गावाले थंडी किती रायते?” त्यानं विचारलं.

“कोन्त्या गावाले?”

“तेच. समुद्राच्या काठचं.”

सोनूनं मोबाइलमध्ये पाहिलं. “आज नऊ डिग्री हाय. अन् पानी पडून राह्यलं.”

“पानी अन् थंडी संगंच,” धावजी म्हणाला. तो उठला आणि मधल्या खोलीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून सोनू दारातून डोकावली. तो ढिगापाशी गुडघे टेकून पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा काढत होता. एकेक पुंजका उजेडात धरून, त्यातली वाळल्या पानाची किटी नखानं टिपून, स्वच्छ धोतरावर ठेवत होता. आपल्या हातानं कापूस साफ करताना तिनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

“बापू, विमानात एवढी मोठी रजई नेऊ देत नाईत.”

“लहान भरू. अंगापुरती.” त्यानं मान वर केली नाही. “पायावर मात्र जाड पाह्यजे. लहानपनापासून तुह्ये पाय गार पडतात.”

सोनू त्याच्याशेजारी बसली आणि किटी टिपू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धावजी गाठोडं घेऊन महागावला पिंजाऱ्याकडं गेला.